रक्ताला सूज कशी येते?

प्रश्न असा आला आहे: हार्ट अटॅक येऊन गेलेल्या एका नातेवाइकाचे रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, 'रक्तात सूज दिसतेय, रक्तही घट्ट झालंय.' सूज यायची ती पायाला, घशाला. रक्ताला कशी येईल? आणि एका लेखात रक्तातल्या अशा खुणेला (इंग्रजीत 'इन्फ्लमेटरी मार्कर') 'दाहदर्शक' म्हटलं होतं, तो शब्द तरी बरोबर का?

शंका रास्त आहे. रक्ताला सूज येत नाही. शरीरात कुठेतरी सूज आहे आणि तिची खूण रक्तात सापडली, एवढं लांबलचक वाक्य राउंड घेताना कोण बोलणार? मधले शब्द गळाले आणि 'रक्तात सूज' उरलं.

आता सूज की दाह? सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकात इन्फ्लमेशनची चार लक्षणं नोंदवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. आपल्या पर्यायांनी त्यातलं एकेक उचललं. 'दाह'ने उष्णता घेतली, 'सूज' आणि तिचा संस्कृत भाऊ 'शोथ' यांनी फुगवटा. परिभाषेत 'संधिशोथ'ही चालतो आणि 'यकृतदाह'ही. पण हृदयाच्या संदर्भात मला 'दाह' खटकतो. दाह म्हटलं की सामान्य माणसाला छातीतली जळजळ आठवते, आणि हार्ट अटॅकला अॅसिडिटी समजून घरी बसणारे आधीच कमी नाहीत. त्यात शब्दाने भर कशाला? बोलताना 'सूज'च म्हणावं, लिहिताना हवं तर 'शोथ'. फक्त ही सूज डोळ्यांना दिसणारी नव्हे, हे एकदा सांगून टाकावं. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थरात पांढऱ्या पेशी शिरतात आणि त्यावरचं आवरण पातळ करत नेतात. ते फाटलं की आतला ऐवज रक्ताला लागतो, तिथे गुठळी धरते आणि वाट बंद होते.

'दर्शक' मात्र अगदी नेमका शब्द आहे. काही जण मार्करला 'निर्देशांक' म्हणतात, ते नको. निर्देशांक हा हिशोब करून काढलेला आकडा. दर्शक नुसता दाखवतो, घडवत नाही. सीआरपीचंच (सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन) बघा. हे प्रथिन यकृतात तयार होतं, इंटरल्यूकिन-6 या निरोप्याच्या सांगण्यावरून. अटॅकनंतर काही तासांत ते चढू लागतं आणि साधारण दोन-तीन दिवसांनी शिखर गाठतं, कारण मेलेल्या स्नायूची साफसफाई सुरू झालेली असते. एरवी, तब्येत ठीक असताना, लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयाचा धोका कमी धरतात, 3 च्या वर जास्त; 10 च्या वर गेलं तर आधी जंतुसंसर्ग वगैरे शोधतात. ज्यांच्यात जन्मजात जनुकांमुळेच सीआरपी जास्त असतं, त्यांना त्यापायी अटॅक जास्त येत नाहीत, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे हे प्रथिन गुन्हेगार नव्हे, साक्षीदार. (नावातला 'सी' कार्डिअॅकचा नव्हे बरं का. 1930 साली ते न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलं. त्या जंतूच्या 'सी' नावाच्या शर्करेला ते चिकटतं, म्हणून सी.)

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन सूज आणि गुठळी या दोन्हींच्या दर्शकांत बसत नाही. ते स्नायूला इजा झाल्याचं सांगतं, सुजेचं किंवा गुठळीचं नाही.

आता 'घट्ट'. पाणी गोठतं, तेल थिजतं, रक्त साकळतं. पहिली दोन ऊब मिळाली की पूर्ववत होतात. साकळलेलं रक्त होत नाही, कारण तिथे पदार्थच बदलतो. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनचे धागे होतात आणि त्या जाळ्यात पेशी अडकतात. म्हणून 'साकळणे' हे क्रियापद मला फार आवडतं. 'रक्त गोठणे' आता पाठ्यपुस्तकांतही बसलंय, त्याला चूक म्हणणार नाही, पण ते भीतीनेही गोठतं. वाहिनीत तयार होते ती 'गुठळी', यावर वाद नसावा. फायब्रिनोजेन मोठं मजेशीर: डेसिलिटरमागे साधारण 200 ते 400 मिलिग्रॅम असतं, सूज आली की वाढतं आणि गुठळीचा कच्चा मालही तेच. त्यामुळे डॉक्टर दोन्ही गोष्टी एका दमात बोलले, यात नवल नाही.

डी-डायमरला 'गुठळीदर्शक' म्हणतात, तिथे थोडं जपून. फायब्रिनचं जाळं तुटताना जे तुकडे सुटतात, त्यांतला हा एक. म्हणजे तो गुठळी विरघळत असल्याचं सांगतो. विरघळतेय म्हणजे धरली होती, हे आपण ताडायचं. आणि ती कुठे धरली, हे तो सांगत नाही. गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतर, वाढत्या वयातही तो चढलेला असतो.

राहता राहिल्या 'रक्त पातळ करायच्या गोळ्या'. हा प्रयोग आता कुणाच्या बापाला हटवता येणार नाही, पण अॅस्पिरिनने रक्त पाण्यासारखं होत नाही. ते रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही, तेही त्या बिंबिकेच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे फार तर आठ-दहा दिवस. इंजेक्शनने देतात त्या हेपारिनचं काम वेगळं, ते फायब्रिनचे धागे होणं रोखतं. दोन्हींना मिळून 'गुठळीरोधक' म्हणता येईल. मात्र घरातल्या आजोबांना गोळी देताना 'पातळ करायची' असंच म्हणा, त्यांना तीच ओळखीची आहे.