कॉस्टिंगची सूत्रं पाठ आहेत, तरी गणित का चुकतं?

तुमचा प्रश्न असा: सूत्रं तोंडपाठ आहेत, पण ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा) आणि ‘ही ऑर्डर घ्यावी का’ अशा गणितांत उत्तर उलटं येतं, असं का? मी बरीच वर्षं कॉस्टिंगचे, म्हणजे उत्पादन खर्चाच्या हिशोबाचे, पेपर तपासतोय. सूत्रच चुकलं असं फार क्वचित दिसतं. घोळ होतो तो एका आकड्यात, नगामागच्या स्थिर खर्चात (नग कितीही काढले तरी एकूण तेवढाच राहणारा खर्च).

एकच उदाहरण घेऊ. एका नगाला साहित्य २० रुपये, मजुरी ८, बदलता ओव्हरहेड (वीज वगैरे वरखर्च) २. म्हणजे बदलता, नगांबरोबर वाढणारा, खर्च ३०. विक्री किंमत ५०. भाडं, पगार, घसारा असा महिन्याचा स्थिर खर्च ४०,०००. महिन्याला ४,००० नग बनतात आणि विकले जातात.

कॉस्ट शीट, म्हणजे खर्चाचा तक्ता, मांडली की स्थिर खर्च नगामागे १० बसतो आणि एकूण खर्च ४० होतो. बरोबर. पण हा १० नगाला चिकटलेला नाही, तो फक्त भागाकारातून आलाय. २,०००च नग काढले तर तोच २० होतो, एकूण खर्च ५०, म्हणजे नेमका विक्री किमतीइतका. हाच ना नफा ना तोटा बिंदू. सूत्राने करून बघा: ५० वजा ३० म्हणजे कॉन्ट्रिब्यूशन (बदलता खर्च वजा जाऊन नगामागे उरणारी रक्कम) २०, आणि ४०,००० भागिले २० म्हणजे २,०००. एवढं एकदा हाताने केलंत की सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही.

आता ऑर्डरचं गणित. कोणीतरी ५०० जादा नग ३६ ने मागतं. विद्यार्थी काय लिहितो? ‘खर्च ४०, किंमत ३६, नगामागे ४ तोटा, ऑर्डर नाकारावी.’ अर्धा वर्ग असंच लिहितो! यंत्रं रिकामी असतील तर भाडं आणि पगार तेवढेच राहणार. जादा खर्च फक्त ३०, म्हणजे नगामागे ६ सुटतात आणि नफा ३,००० ने वाढतो. पटत नसेल तर दोन्ही स्थितींचा एकूण नफा काढा: आधी ४०,०००, नंतर ४३,०००. (मी अजूनही शंका आली की एकूण आकड्यांवरच जातो.)

पण क्षमताच ४,२०० नगांची असेल तर? मग नेहमीच्या गिऱ्हाइकांचे ३०० नग सोडावे लागतील. तिथे ३०० गुणिले २०, म्हणजे ६,००० हातचे जातात आणि मिळतात ३,०००. तीच ऑर्डर आता नको. गणितात क्षमतेचं वाक्य कुठे दडलंय ते आधी शोधा, पेपर काढणारा ते मुद्दाम मध्येच कुठेतरी घालतो.

टक्केवारीचं एक लगेच सांगून टाकतो. खर्च ४०, किंमत ५०, नफा १०. हा खर्चावर २५ टक्के आणि विक्रीवर २० टक्के. ‘विक्रीवर २० टक्के नफा’ असं दिलं असताना ४० चे २० टक्के काढून ४८ लिहिणारे दरवर्षी भेटतात.

शेवटचा गोंधळ साठ्याचा. ४,००० नग बनवले, पण विकले ३,०००च. मार्जिनल पद्धतीत, जिथे महिन्याचा सगळा स्थिर खर्च त्याच महिन्यात वजा होतो, नफा ३,००० गुणिले २० वजा ४०,०००, म्हणजे २०,०००. अ‍ॅब्सॉर्प्शन पद्धतीत, जिथे स्थिर खर्च बनलेल्या प्रत्येक नगावर वाटला जातो, नगामागे नफा ५० वजा ४०, म्हणून ३,००० गुणिले १०, म्हणजे ३०,०००. कुठलंच उत्तर चूक नाही. शिल्लक राहिलेल्या १,००० नगांनी प्रत्येकी १० चा स्थिर खर्च अंगावर घेऊन पुढच्या महिन्यात नेला, म्हणून १०,००० चा फरक. दोन पद्धतींतला फरक या हिशोबाशी जुळला नाही, तर ओव्हरहेडचा दर किंवा शिल्लक नग पुन्हा मोजा.