घाटात टर्बो ट्रकच्या इंजिनाला थंड हवा कशी द्यावी?

जांभ्या दगडाचे चिरे भरून कुंभार्ली घाट चढताना गाडी दम टाकते, काळा धूर सोडते, म्हणून हवेचा पाइप बंपरजवळ खाली आणू का, असं विचारलंय. नका आणू! पाइपाचं केबिनमागचं उंच तोंड बाहेरचीच हवा घेतं. खाली आणलंत तर जांभ्याची लाल धूळ नि पावसात रस्त्यावरचं पाणी थेट फिल्टरमध्ये.

खरी उष्णता टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यात, तयार होते. बाहेर ३३ अंश असले तरी दाबलेली हवा फुल लोडवर शंभर अंशांच्या पुढे जाते. ती उष्णता उतरवायचं काम इंटरकूलरचं, म्हणजे ही दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरसारख्या जाळीचं. टर्बोआधी १० अंश वाचवून हवा जेमतेम ३ टक्के दाट होते. त्यासाठी पत्रे कापत बसू नका.

आमच्या गाडीत टॉर्च मारली तर रेडिएटर आणि इंटरकूलरच्या फटीत तेलकट लाल लगदा, चिखलात गोणपाट बुडवल्यासारखा. इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या नळाने धुतला. प्रेशर वॉशर जवळून मारला की जाळीच्या पातळ पत्र्या (फिन्स) वाकतात, गॅरेजवाले काहीही म्हणोत. किनाऱ्याची खारी हवा ॲल्युमिनियम खाते ती वेगळीच.

टर्बो नि इंटरकूलरच्या होजच्या (हवेच्या नळीच्या) जोडांवर काळे तेलकट डाग असतील तर दाबाची हवा तिथूनच गळतेय. आधी क्लॅम्प आवळा, एअर फिल्टर बदला, मग पुन्हा घाट चढवून बघा.