बाईंच्या निरोपाला भाषण नको, नोंद लिहा

प्रश्न: आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका 31 मे रोजी निवृत्त होत आहेत. शिवाय एका गुरुजींची आंतरजिल्हा बदली होईल असं दिसतंय. मी दोन वर्षांपूर्वी शिक्षणसेवक म्हणून लागले आणि कार्यक्रमाची जबाबदारी माझ्यावर आली आहे. निरोप समारंभ कधी, कसा करावा? भाषणात काय बोलावं?

उत्तर:

ताई, मी गुहागर तालुक्यात 1988 पासून शिकवत होते आणि 31 मे 2023 ला निवृत्त झाले. त्यामुळे खुर्चीच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

तुमच्या बाईंची कागदावरची जन्मतारीख बहुधा 1 जून असणार, बघा विचारून. आमच्या पिढीत निम्मं गाव 1 जूनला जन्मलेलं. पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याच्याकडे बघायचे, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का बघायचे आणि वय भरेल अशी तारीख ठोकून द्यायचे. माझी आई सांगायची की मी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची. पण रजिस्टरला 1 जून लागली ती लागलीच. पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून 31 मे. गुरुजींच्या टाकाच्या एका फटकाऱ्यात माझा तीन महिन्यांचा पगार गेला. असो.

सांगायचं कारण असं की 31 मेला शाळेत काळं कुत्रं नसतं. मुलं मामाकडे, आईबाप आंब्याच्या पेट्या भरण्यात नाहीतर घर शाकारण्यात, बदलीवाले गुरुजी गावी. त्या दिवशी फक्त चार्ज, म्हणजे शाळेचा कारभार, पुढच्याच्या हाती द्यायचा असतो. समारंभ 1 मेलाच करा. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन असतं, निकाल असतो, पालक आपसूक येतात. क्रम मात्र सांभाळा: झेंडावंदन, मग निरोप, सगळ्यात शेवटी निकाल. प्रगतिपुस्तक एकदा हातात पडलं की मंडळी पाखाडी उतरून घरी. नंतर माइकवरून कितीही हाका मारा, उपयोग नाही. आणि सगळं साडेनऊच्या आत उरका. मे महिन्यातलं किनाऱ्यावरचं दहाचं ऊन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. झावळ्यांचा मांडव घातला तरी उकाडा तोच.

बदलीवाल्या गुरुजींचंही त्याच दिवशी करून टाका, आदेश हातात असो वा नसो. आदेश ऐन सुट्टीत निघाला तर माणूस कार्यमुक्त होऊन तिकडच्या तिकडे जातो. जूनमध्ये मुलं दप्तर घेऊन येतात तर वर्गात नवीन गुरुजी. आमच्याकडे एकदा असं झालं. दुसरीतली एक मुलगी आठवडाभर विचारत होती, "आमचे गुरुजी आजारी आहेत का?" आदेश नाहीच निघाला तर गुरुजी जूनमध्ये परत येतील, मुलं हसतील, तेही हसतील. काय बिघडतं?

पाहुण्यांचं म्हणाल तर थोडक्यात सांगते. माझ्या निरोपाला एका साहेबांना बोलावलं होतं. आठची वेळ, साहेब साडेदहाला आले. तोवर पहिलीतली दोन मुलं मांडवात झोपली होती. साहेबांनी माझं नाव चुकीचं घेतलं, माझ्या शिस्तीचं कौतुक केलं (मी कधीच शिस्तीची नव्हते) आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. केंद्रप्रमुखांना बोलवा, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असतातच, तेवढे पुरे.

वर्गणीचं लाजू नका. शिक्षणसेवकाचं मानधन 16,000 रुपये, त्यातले हजार मागणाऱ्याला सरळ सांगा की पाचशे देईन. घड्याळ घेऊ नका. माझ्या घरात भिंतीवरची चार घड्याळं आहेत आणि चारही वेगवेगळी वेळ दाखवतात. शाल आणि श्रीफळ चुकत नाही, पण ज्यांच्या वाडीत शंभर माड आहेत त्यांना नारळ देताना आमच्या अध्यक्षांनाच हसू आवरेना. त्यात "बाईंना आज नारळ दिला" असं ते माइकवर बोलून गेले आणि सगळा मांडव फुटला. त्या दिवसातलं तेवढंच खरं वाक्य होतं.

आता भाषण. मोबाइलवर शोधलंत तर 'निरोप समारंभ भाषण' म्हणून ढीगभर मिळेल. त्यात ज्ञानाचा अथांग सागर असतो, दीपस्तंभ असतो, जड अंतःकरण असतं. ते वाचू नका. तुम्हाला हे दुखणं ओळखीचं असेल, कारण एप्रिलमध्ये आपण स्वतः तेच करतो. 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या ठरल्या. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम होती. पण वर्षभरात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, पुढे पीडीएफ आले आणि तालुक्यातल्या सगळ्या मुलांना 'परिसरातील घटकांचे बारकाईने निरीक्षण' करता येऊ लागलं. मीही उतरवून काढल्या आहेत. पट लावायचा, पोषण आहाराचा हिशोब द्यायचा, यू-डायसची (सरकारला द्यायची शाळेची) माहिती भरायची, त्यात तीस मुलांच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी. उतरवणारच.

आमच्या शाळेत बीडकडचे एक गुरुजी होते. अकरा वर्षं राहिले. आले तेव्हा दाभोळच्या फेरीबोटीत डोळे मिटून बसायचे. त्यांची बदली ठरली तेव्हा मी सहज तिसरी-चौथीच्या मुलांना म्हटलं, आपण गुरुजींचं प्रगतिपुस्तक भरू या. कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले. अट एकच होती. 'छान', 'चांगले', 'प्रेमळ' हे शब्द वापरायचे नाहीत. आपण स्वतः बघितलंय तेवढंच लिहायचं. पहिलीतल्या मुलांनी नुसती चित्रं काढली.

विशेष प्रगतीच्या रकान्यात एका कोळणीच्या मुलाने लिहिलं: 'गुरुजींना आधी बांगड्याचे काटे काढता येत नव्हते. आता येतात. कधी कधी राहतात.'

आवड व छंद: 'गुरुजींना फळा पुसायला आवडतो. मुलांना पुसू देत नाहीत.'

सुधारणा आवश्यक: 'पाऊस आला की गुरुजी शिकवायचे थांबतात आणि बघत बसतात.'

हे शेवटचं मला माहीतच नव्हतं. अकरा वर्षं भिंतीपलीकडच्या वर्गात होते मी. गुरुजींना विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, "बाई, आमच्याकडे असा पडत नाही हो." त्या कागदांना त्यांनी प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि सेवापुस्तकाच्या झेरॉक्सबरोबर फाइलला लावले.

तर ताई, तुम्हीही हेच करा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, परीक्षा संपली की मुलं तशीही हुंदडतच असतात. दोन तास काढा. शुद्धलेखन तपासू नका. मुलांनी काही बोचरं लिहिलं तर गाळू नका, फक्त मोठ्याने वाचायला दुसरं निवडा. तुमचं स्वतःचं भाषण म्हणजे तुमचीही एक नोंद. बाईंनी तुम्हाला पहिल्या महिन्यात काय दाखवलं, कुठे झापलं, कुठला रकाना तुमच्याऐवजी गुपचूप भरून ठेवला. तीन मिनिटं. लिहून न्या, आवाज कापतोच.

मंचावर आणखी एक खुर्ची ठेवा, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंसाठी. आमच्या ताईंनी चौदा वर्षं भात-आमटी शिजवली. मानधन वाढून वाढून महिना 2,500 रुपये झालं. त्यांना निवृत्तीची तारीख नाही आणि आदेशही नाही, म्हणून समारंभही नाही. एका दिवाळीत मुलाकडे नालासोपाऱ्याला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. कुठल्या मुलाला सकाळी घरात काही मिळत नाही आणि कोणाला दुसऱ्यांदा वाढायचं, हे त्यांच्या डोक्यात होतं. ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तुमच्या ताई असतील तर त्यांचीही नोंद मुलांकडून लिहून घ्या, जायची वाट न बघता.

खायला घावणे आणि चटणी, वर कोकम सरबत. केक नको, वितळतो.

आता चार्जचं बघा, कारण तो बहुतेक तुमच्याच गळ्यात पडणार. ना-देय दाखला, किल्ल्या, जनरल रजिस्टर, डेडस्टॉक (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही), तांदळाचा शिल्लक साठा हे सगळं यादीप्रमाणे होईलच. माझ्या चार्ज यादीत 43 नोंदी होत्या. माझ्यानंतर चार्ज घेणारा तुमच्याच वयाचा मुलगा होता. सगळं टिपून झाल्यावर तो व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्याकडे बघत म्हणाला, "बाई, ही घंटा कुठे लिहू?" ती डेडस्टॉकला नव्हतीच. कोकण रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा गावातल्या कोणीतरी आणून टांगलेली. कशी आणली ते आम्ही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. 1998 च्या जानेवारीत संपूर्ण मार्गावर गाडी सुरू झाली, त्याच्या आधीपासून आमची शाळा त्या रुळावर भरते आणि सुटते. मी म्हटलं, लिहू नकोस. लिहिलंस तर पुढे निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकायचा, प्रस्ताव करावा लागेल.

मग यादी बाजूला ठेवून त्याला अर्धा दिवस शाळाभर फिरवलं. टाकीचा कॉक उलटा फिरतो. मागच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, फुरसं (विषारी साप) निघतं, चेंडू आणायला पहिलीतल्यांना पाठवायचं नाही. कुठल्या आजोबांना सही येत नाही आणि शाईचं पॅड पुढे केलं की राग येतो, म्हणून त्यांना बाजूला घ्यायचं. तुमच्या बाईंकडूनही असा अर्धा दिवस मागून घ्या. निरोपाच्या गडबडीत तो नेमका राहून जातो.

शेवटी त्याला दुसरीच्या वर्गात नेलं आणि गळकं कौल दाखवलं: खिडकीवरच्या बाजूला, तिसऱ्या ओळीतलं. पावसाआधी बदलून घे म्हटलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. "बाई, चौथ्या ओळीतलं होतं."