जुना क्लॅरिनेट चढा वाजतो : पॅडवर पैसे घालण्याआधी हे तपासा

तुम्ही लिहिलंय की जुना लाकडी क्लॅरिनेट घेतला, हार्मोनियमच्या काळी पाचशी जुळत नाही, सगळे सूर चढे लागतात, आणि बॅरल (माउथपीसखालचा छोटा नळीचा तुकडा) बाहेर ओढला की मधले सूर उतरतात. माझं दुखणं अगदी हेच होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा क्लॅरिनेट बहुधा 'हाय पिच'चा, म्हणजे जुन्या चढ्या पट्टीचा आहे. विलायतेतल्या लष्करी बँडची पट्टी 1920 च्या दशकाच्या अखेरपर्यंत साधारण 452 हर्ट्झची होती, म्हणजे मधला ए सूर तेवढ्यावर लावलेला. आजची 440. फरक जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराचा. त्या पट्टीची वाद्यं आपल्याकडच्या जुन्या बाजारात अजून फिरतात. वाद्याच्या जोडांवर (सुट्या होणाऱ्या भागांवर) 'एचपी', म्हणजे हाय पिच, असा ठसा आहे का बघा, पण तो नसला म्हणून निर्धास्त राहू नका. बूझी आणि हॉक्स या वाद्यं बनवणाऱ्या विलायती कंपन्या 1930 मध्ये एक झाल्या. ठशात दोघांपैकी एकाचंच नाव असेल तर वाद्य बहुधा त्याआधीचं, आणि तिथे जास्त सावध राहायचं.

मला सगळ्यात महाग पडलं ते एक दुरुस्तीचं दुकान. नाव लिहीत नाही. त्यांनी आधी पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) बदलले, मग कॉर्क, मग लांब बॅरल गळ्यात मारला, मग माउथपीस. दर वेळी बिल, आणि दर वेळी "वाजवत राहा, बसेल." ट्यूनर (सूर किती चढा-उतरा ते दाखवणारं यंत्र) लावून एकदा तपासलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. वाद्य दुरुस्त होणार नाही हे गिऱ्हाइकाला सांगणं हेही दुरुस्ती करणाऱ्याचंच काम आहे, असं माझं ठाम मत आहे. बॅरल लांब केला की आखूड नळीचे सूर, म्हणजे मधले, ज्यांना 'गळ्यातले' म्हणतात ते जी, ए, बी फ्लॅट, जास्त उतरतात आणि खालचे कमी. भोकं जुन्या पट्टीच्या मापानं पाडलेली असतात, ती सरकवता येत नाहीत. सॅक्सोफोनचंही तसंच. ट्रंपेट-कॉर्नेटला मात्र स्लाइड लांब करून घेता येते, फक्त मुख्य स्लाइडबरोबर व्हॉल्व्हच्या स्लाइडही त्या प्रमाणात लांबवाव्या लागतात.

तपासणी अशी : वाद्य फुंकून नीट गरम करा, बॅरल पूर्ण आत बसवा, ट्यूनर 440 वर ठेवून खालून वरपर्यंत सगळे सूर लांब धरा. उन्हाळ्यात वाद्य थोडं चढतंच, त्याला घाबरू नका. पण सगळेच सूर चाळीस-पन्नास सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर) वर असतील तर पुढे एक रुपयाही घालू नका.

मी वादक आहे, कारागीर नाही, शिवाय वाद्य न बघता लिहितोय. तुमच्याकडे साधी हवेची गळती असण्याचीही शक्यता आहे, पण गळतीनं सूर फुटतात, अडकतात, सगळे सारखे चढत नाहीत.

पुढचं घेताना कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर प्लास्टिकचाच घ्या. लोक नाकं मुरडतील, मुरडू देत. पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून लाकूड तडकतं, आणि तडा बहुतेक वेळा वरच्या जोडाच्या भोकांपासून सुरू होतो. लाकडीच हवा असेल तर तिथे तिरपा उजेड पाडून बघा, काळं पॉलिश मारून तडा झाकलेला असतो. विकणारा ट्यूनर लावू देत नसेल तर घेऊ नका.