पातळ फोन, जाड कव्हर

गेल्या अंकात आपण एक साधा प्रश्न टाकला होता, नवीन फोन घेताना आधी काय बघता, पातळपणा, कॅमेरा की बॅटरी. म्हणलं लोक एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतील, पण झालं उलटंच, उत्तरं कमी आणि प्रश्नच जास्त आले. त्यातले सोलापूरचे वेगळे काढले, कारण एकतर मी स्वतः तिथलाच, आणि दुसरं म्हणजे ही सगळी मंडळी भांडायच्या तयारीतच लिहितात.

प्रश्न: मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला आयफोन एअरच पाहिजे. दुकानात हातात घेतला तर खाली ठेवायलाच तयार नाही. मी म्हणतोय त्यापेक्षा साधा आयफोन १७ घे, पैसे वाचतात आणि कॅमेरे पण दोन आहेत. घरात आठ दिवस अबोला चालू आहे. कोण बरोबर?
– एक वडील, होटगी रोड

उत्तर: दादा, आधी आकडे बघू मग अबोल्याचं बघू. एअर ५.६ मिमी जाड, १७ जवळपास ८ मिमी. दोन्ही २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आले तेव्हा भारतात एअरची सुरुवातीची किंमत १,१९,९०० होती आणि १७ ची ८२,९००, म्हणजे फरक ३७ हजारांचा. सव्वादोन मिलिमीटरसाठी ३७ हजार, भागाकार केला तर मिलिमीटरला सोळा हजाराच्या वर जातंय, एवढ्यात आपल्याकडं एक चांगला चालणारा आख्खा फोन येतो की.

आता तुमच्या पोराची बाजू पण ऐका, तो काय अगदीच येडा नाही. एअरचा स्क्रीन ६.५ इंची आहे, १७ चा ६.३, चिप वरच्या दर्जाची, फ्रेम टायटॅनियमची. आणि हातात घेतल्यावर जे वाटतं ते खरंच वाटतं, मी पण घेऊन बघितलाय, दोन मिनिटं काहीच बोलावंसं वाटलं नाही. पण ती दोन मिनिटं दुकानातली. तिथं फोन उघडा असतो, घरी आल्यावर त्याला मागून कव्हर, पुढून टेम्पर्ड ग्लास, आणि कॉलेजची पोरं तर कव्हरमध्ये मागं एक दहाची नोट पण ठेवतात, मग ५.६ चे किती राहिले ते तुम्हीच मोजा.

गंमत वजनात आहे. एअर १६५ ग्रॅम, १७ आहे १७७ ग्रॅम. फरक फक्त १२ ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर शेंगाचटणी. बॅटरीचं कंपनी स्वतःच सांगते, व्हिडिओ बघत राहिलात तर एअर २७ तास आणि १७ तीस तास, हे कंपनीच्या टेबलावरचे तास, आपल्याकडं दुपारी गाडीवर मॅप लावून, हॉटस्पॉट चालू ठेवून, रेंज जाते-येते अशा ठिकाणी कुठलाच फोन एवढा टिकत नाही, पण कोण पुढं कोण मागं तो क्रम तोच राहतो.

कॅमेऱ्याचं मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. एअरला मागं एकच कॅमेरा, ४८ मेगापिक्सेलचा, चांगला आहे, पण समोरचं जास्त दृश्य मावणारा वाइड (अल्ट्रा-वाइड) कॅमेरा नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत गर्दीत अडकलाय, नंदीध्वज, म्हणजे माणसानं पेललेली उंच काठी, समोर दहा फुटावर आलाय, मागं सरकायला इंचभर जागा नाही, तेव्हा वाइड नसेल तर एकतर वरचं टोक येतं नाहीतर खालचा माणूस. १७ मध्ये दोन्ही येतील. अजून एक, एअरमध्ये सिमची जागाच नाही, फक्त ई-सिम. फोन पडला, बंद पडला तर सिम काढून आजीच्या बटणाच्या फोनमध्ये घातलं आणि काम भागवलं हा आपला पिढीजात उपाय तिथं चालत नाही.

तर माझं मत तुमच्या बाजूनं. पण ३७ हजारांचा हिशोब त्याच्यासमोर ओरडून मांडू नका, कागदावर लिहून ठेवा आणि नाष्ट्याला बसा.

प्रश्न: माझं नवी पेठेत छोटं मोबाइलचं दुकान आहे. गिऱ्हाईक आत आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "जाड वाटलालाय बे." मग अर्धा तास पातळ पातळ बघतंय, आणि शेवटी मोठा, सात हजार एमएएचची बॅटरीवालाच पॅक करा म्हणतंय. असं असताना कंपन्या पातळ फोन काढतातच कशाला?
– एक दुकानदार

उत्तर: मालक, या अंकातलं सगळ्यात भारी निरीक्षण तुमचं आहे. लोक कौतुक एकाचं करतात आणि पैसे दुसऱ्यावर टाकतात, आणि यात ढोंग काही नाही. जाडी डोळ्याला लगेच दिसते, बॅटरी दिसत नाही, ती संध्याकाळी सहाला कळते. म्हणून काउंटरवर तोंडातून पहिलं जाडीच निघते, पण पाकीट काढताना माणसाला मागचा फोन आठवतो, कुठं कुठं बंद पडला होता ते आठवतं.

माझंच सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी मी असाच एक कागदासारखा पातळ फोन घेतला होता, कंपनीचं नाव जाऊ द्या. पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघालो, गाणी ऐकत, दौंड गेलं तेव्हा वीस टक्के, कुर्डुवाडी यायच्या आधी फोन गार. भाऊ स्टेशनवर न्यायला आलेला, तो एका दारातून आत, मी दुसऱ्यातून बाहेर, तासभर एकमेकांना शोधत बसलो आणि मग घरी जाऊन दोघांनी मिळून त्या फोनला शिव्या घातल्या. तेव्हापासून मला पातळ फोन दिसला की पहिल्यांदा कुर्डुवाडी आठवते.

ही पातळची लाट पण काही पहिली नाही, तुमच्या दुकानातच येऊन गेली असेल. २०१४ ला ओप्पोचा आर५ आला, ४.८५ मिमी, विवोचा एक्स५ मॅक्स तर ४.७५. २०१५ ला आपल्या मायक्रोमॅक्सनं पण कॅनव्हास स्लिव्हर ५ काढला, ५.१ मिमी. आर५ आणि स्लिव्हर, दोन्हीत बॅटरी फक्त २००० एमएएच (बॅटरीत चार्ज किती मावतो त्याचं माप). पुढच्या चार-पाच वर्षांत वारं कुठं फिरलं बघा, २०१९ ला सॅमसंगनं एम३०एस आणला, ६००० एमएएच, अंगानं चांगला जाडजूड, आणि पुढच्या वर्षी एम५१ मध्ये ७०००. पातळवाले कुठं गेले कुणी विचारलं पण नाही.

मग परत का काढतात? एक म्हणजे फोन सगळे सारखेच दिसायला लागलेत, जाहिरातीत दाखवायला काहीतरी लागतं, आणि कडेनं धरलेला पातळ फोन फोटोत लई भारी दिसतो. दुसरं, घडीच्या फोनसाठी ही सगळी कारागिरी लागतेच, सॅमसंगचा फोल्ड ७ उघडल्यावर ४.२ मिमी आहे, तिथं शिकलेलं इथं वापरतात नि इथलं तिथं. पण खपाचं काय तर २०२५ च्या ऑक्टोबरमध्येच एअरचं उत्पादन कमी केल्याच्या बातम्या यायला लागल्या होत्या, म्हणजे बाजारात येऊन जेमतेम महिना झालेला.

खरी बातमी वेगळीच आहे आणि ती तुमच्या धंद्याची आहे. आता सिलिकॉन-कार्बनची बॅटरी येतेय. नेहमीच्या बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असतं, त्याच्या जागी थोडं सिलिकॉन मिसळलं की तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावतो, कारण तेवढ्याच वजनात सिलिकॉन ग्रॅफाइटच्या जवळपास दहापट लिथियम धरून ठेवू शकतं. अडचण एवढीच की चार्ज होताना ते भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं, म्हणून नुसतं सिलिकॉन वापरत नाहीत, कार्बनच्या आधारानं बसवतात. यामुळं झालंय काय तर विवोच्या टी४ मध्ये ७३०० एमएएच आणि जाडी आठ मिमीच्या आतच. म्हणजे तुमच्या गिऱ्हाईकाला दहा वर्षांपूर्वी जे एक सोडून दुसरं घ्यावं लागायचं तसं आता वीस-बावीस हजारात तरी राहिलं नाही. टेक्नोचा पोवा स्लिम बघा, सहा मिमीच्या किंचित आत आणि बॅटरी ५००० च्या वर. ॲपल-सॅमसंगच्या २०२५ च्या महागड्या पातळ फोनात मात्र हे जमलं नाही म्हणा किंवा जमवायची घाई नव्हती म्हणा.

प्रश्न: मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कामाला आहे, दिवसभर शिलाई करून मनगट दुखतं. रात्री अर्धा तास बहिणीशी व्हिडिओ कॉल असतो, मोठा फोन हातात धरवत नाही, एकदा तर झोपेत तोंडावर पडला. मी पातळ फोन मागते तर नवरा म्हणतो हे शौकीचं काम आहे. चुकतंय का माझं?
– एक वाचक ताई, विडी घरकुल

उत्तर: ताई, तुमचं मागणं अजिबात चूक नाही, फक्त शब्द बदला. तुम्हाला पातळ नकोय, तुम्हाला हलका पाहिजे. या दोन गोष्टी आपण एकच धरतो आणि कंपन्यांना ते सोयीचं पडतं.

एक उदाहरण देतो, एकाच कंपनीचे एकाच वर्षीचे दोन फोन. सॅमसंगचा एस२५ एज ५.८ मिमी, वजन १६३ ग्रॅम. त्याच सॅमसंगचा साधा एस२५, ७.२ मिमी, वजन १६२ ग्रॅम! जो जाड तो एक ग्रॅमनं हलका, कारण एजचा स्क्रीन मोठा आहे. आणि बॅटरी साध्यात ४०००, एजमध्ये ३९००, शिवाय लांबचं जवळ आणणारा झूमचा कॅमेरा साध्याला आहे आणि एजला नाही. किंमत मात्र लाँचला एजची १,०९,९९९ आणि साध्याची ८०,९९९. हे फोन आपल्या बजेटमधले नाहीत मला माहितीय, पण मुद्दा कळावा म्हणून सांगितलं.

तर दुकानात गेल्यावर मिमी विचारूच नका, ग्रॅम विचारा. मोठ्या बॅटरीचे फोन बऱ्याचदा दोनशे ग्रॅमच्या आसपास असतात, तुम्ही १७०-१७५ च्या खालचा बघा, पाठ काचेची नको, प्लॅस्टिकची चालेल, ती हलकी पण असते आणि फुटत पण नाही. कव्हर मऊ सिलिकॉनचं घ्या, ते चिलखतासारखं जाड कव्हर घातलं तर त्याचंच वजन वाढतं. शक्य असेल तर जवळच्या किराणा दुकानातल्या काट्यावर कव्हरसकट ठेवून बघा, दुकानदार हसेल, हसू द्या. आणि व्हिडिओ कॉलला पन्नास-शंभर रुपयाचा स्टँड घ्या, मनगटाला कुठल्याही फोनपेक्षा त्याचाच जास्त आराम पडेल. नवऱ्याला सांगा शौक नाही, दुखणं आहे.

प्रश्न: फोन पातळ पातळ म्हणतात आणि मागं कॅमेऱ्याचा उंचवटा, टेबलावर ठेवला तर डुगडुगतो. मग पातळ कसला?
– एक रिटायर्ड मास्तर, सात रस्ता

उत्तर: मास्तर, मोजमाप जिथं सगळ्यात बारीक तिथलं घेतात, उंचवटा सोडून. एअर तर उंचवट्यासकट मोजला तर जवळपास दुप्पट भरतो. यात कंपन्यांची लबाडी अर्धी, बाकी अर्धं शास्त्र आहे. चांगल्या फोटोला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, मोठा लागतो, सेन्सर मोठा केला की त्याच्यावर नीट चित्र पाडायला भिंगं पण थोडी लांब ठेवावी लागतात, आणि ते अंतर काही केल्या पातळ होत नाही. म्हणून मग अंग बारीक करतात आणि सगळं सामान डोक्यात कोंबतात. तुम्ही परीक्षेत अर्धे मार्क दिले असते.

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे. एप्रिल-मेमध्ये शेडमध्ये फोन एवढा तापतो की स्क्रीन आपोआप अंधुक होतो. पातळ फोन जास्त तापतो का?
– एक वाचक

उत्तर: उष्णता तेवढीच तयार होते हो, फक्त पातळ फोनमध्ये ती पसरायला जागा कमी, म्हणून हाताला पण लवकर लागते आणि फोन स्वतःला वाचवायला स्पीड आणि ब्राइटनेस लवकर कमी करतो. आयफोनसाठी कंपनी ० ते ३५ डिग्रीत वापरा म्हणते, आपल्याकडं उन्हाळ्यात बाहेरच ४२-४३ असतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये लूम चालू असताना किती असतं ते तुम्हालाच माहिती. उन्हात स्क्रीन अंधुक झाला तर सावलीत परत येतो, पण लिथियमची बॅटरी उष्णतेत म्हातारी लवकर होते, ते परत येत नाही, आणि मुळातच छोटी बॅटरी असेल तर दुसऱ्याच उन्हाळ्यात जाणवायला लागतं. तुम्ही मोठ्या बॅटरीचाच घ्या. शेडमध्ये चार्जिंगला लावू नका, ऑफिसात कूलरजवळ लावा, सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर चालू करा. आणि गाडीच्या हँडलला उन्हात लावून मॅप बघत जाणं मे महिन्यात तरी बंद.

प्रश्न: पातळ फोन मागच्या खिशात ठेवून बसलं तर वाकतो का हो? मित्र म्हणतात वाकतो.
– कॉलेजचा एक विद्यार्थी

उत्तर: २०१४ ला आयफोन ६ प्लस वाकायच्या तक्रारींनी जगभर बोंब झाली होती, आणि तो तर ७.१ मिमीचा होता, मित्रांनी तेच कुठंतरी ऐकलं असणार. पुढच्याच वर्षी कंपनीनं जास्त कडक ॲल्युमिनियम वापरलं, आताच्या एअरला आणि एजला टायटॅनियम आहे, सहजासहजी नाही वाकत. तरी पण टमटममध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून बसणार असशील तर फोन खिशातून काढून हातात धर.