रिले ट्रिप होत नाही, म्हणजे सेटिंग बरोबर?

प्रश्न : मॅडम, मी इचलकरंजीजवळच्या एका प्रोसेसिंग युनिटमध्ये इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. सप्लाय 11 केव्ही, ट्रान्सफॉर्मर 630 केव्हीए, डेल्टा-स्टार. एचटी (उच्च दाबाच्या) पॅनलला व्हॅक्यूम ब्रेकर, सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) 50/5, न्यूमेरिकल रिले (दोष ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं डिजिटल उपकरण). सुट्टीनंतर ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना अधूनमधून अर्थ फॉल्टवर (करंट जमिनीकडे जाण्याच्या दोषावर) ट्रिप व्हायचा. तेव्हा सेटिंग 20 टक्के, टीएमएस (वेळेचा गुणक) 0.1 आणि इन्स्टंटेनियस (तत्काळ ट्रिपचा टप्पा) 50 अँपिअर होतं. कॉन्ट्रॅक्टरने ते 80 टक्के आणि 0.3 केलं, इन्स्टंटेनियस बंद केलं. त्रास थांबला. पण पावसाळ्यात आमच्याच ट्रान्सफॉर्मरच्या केबल बॉक्समध्ये फॉल्ट झाला, तेव्हा आमचा ब्रेकर जागचा हलला नाही आणि अख्खा फीडर (वीज कंपनीची लाइन) गेला. शेजारचे माग बंद पडले, वीज कंपनीचं पत्र आलं. फीडरचा सीटी 300/5 आहे, अर्थ फॉल्ट 20 टक्के, टीएमएस 0.15. फॉल्ट करंट साधारण 1500 अँपिअर असेल, असं त्यांच्या इंजिनिअरने सांगितलं. आमच्या रिलेवर ‘स्टार्ट’ दिसतं, ‘ट्रिप’ नाही. सेटिंग किती ठेवू?

उत्तर : तुम्ही आकडे दिलेत, म्हणून सरळ गणित मांडते. बहुतेक पत्रांत ‘रिले खराब आहे का’ एवढंच असतं.

रिलेचा नॉर्मल इन्व्हर्स वक्र असा : करंट पिकअपच्या जितकी पट, त्या पटीचा 0.02 घात काढायचा, त्यातून 1 वजा करायचा, त्याने 0.14 ला भागायचं आणि टीएमएसने गुणायचं. फीडरचा पिकअप (ज्या करंटला रिले जागा होतो तो) 300 चे 20 टक्के, म्हणजे 60 अँपिअर. 1500 म्हणजे 25 पट, वेळ साधारण 0.32 सेकंद. तुमचा पिकअप 40 अँपिअर, म्हणजे 37.5 पट, पण टीएमएस 0.3. वेळ आली 0.56 सेकंद. बऱ्याच रिलेंत वक्र 20 पटीला सपाट होतो. तुमचा तसा असेल तर 0.68. म्हणजे तुमचा रिले जागा झाला, मोजू लागला, आणि तेवढ्यात वरचा ब्रेकर उघडून सप्लायच गेला. ‘स्टार्ट’ आहे आणि ‘ट्रिप’ नाही ते यामुळे. रिलेने सांगितलेलं काम चोख केलं आहे. सांगणाऱ्याने वरचा फीडर पाहिला नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोड करंट 33 अँपिअर. ओव्हरकरंटचं सेटिंग त्याच्या वर ठेवावं लागतं, कारण तो करंट रोज वाहतो. अर्थ फॉल्टच्या घटकाला ही अडचण नाही. तिन्ही सीटींची बेरीज निरोगी अवस्थेत शून्याच्या आसपास असते, लोड कितीही असो. शिवाय प्रायमरी डेल्टा असल्याने एलटी (कमी दाबाच्या) बाजूचा अर्थ फॉल्ट या घटकाला दिसतच नाही. खाली कोणासाठी थांबायचं नाही, म्हणून इथलं सेटिंग खुशाल हलकं आणि जलद ठेवता येतं. मी 10 अँपिअर, म्हणजे तुमचे जुने 20 टक्केच, आणि टीएमएस 0.05 ठेवीन. 1500 अँपिअरला जास्तीत जास्त 0.11 सेकंद. फीडरशी 0.2 सेकंदाचं अंतर राहतं. पुस्तकातलं 0.3 मिळत नाही, पण व्हॅक्यूम ब्रेकर 0.1 सेकंदाच्या आत उघडतो, तेव्हा चालेल. इन्स्टंटेनियस पुन्हा चालू करा : 100 अँपिअर, पण 0.1 सेकंदाच्या विलंबाने.

मग चार्जिंगच्या ट्रिपचं काय? तो इनरशचा खेळ आहे. चार्ज करताना करंट क्षणभर पूर्ण लोडच्या आठ-दहा पट जातो, त्यात डीसी भाग असतो, आणि तीन सीटी सारख्या सॅच्युरेट होत नाहीत (मोजायला सारख्या कमी पडत नाहीत). बेरीज शून्य येत नाही आणि नसलेला अर्थ फॉल्ट दिसतो. ब्रेकर व्होल्टेजच्या कोणत्या क्षणी लागला त्यावर इनरश ठरतो, म्हणून दर वेळी ट्रिप नाही, अधूनमधून. तुमच्या रिलेत सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग (इनरश ओळखून ट्रिप रोखणारी सोय) आहे का पाहा आणि अर्थ फॉल्टच्या दोन्ही टप्प्यांना ते लावा. सोय नसेल आणि केबल तीन-कोअर असेल तर सीबीसीटी (अख्ख्या केबलभोवती बसणारा एकच सीटी) बसवा. एकाच कोअरमधून तिन्ही फेज जात असल्याने सीटी-सीटीतला फरक उरत नाही. बसवताना एक बघा : केबल आर्मरसकट (धातूच्या कवचासकट) सीबीसीटीतून गेली असेल आणि ग्लँड (केबलचं टोक पकडणारा धातूचा भाग) त्याच्या वर, पॅनलच्या बाजूला असेल, तर ग्लँडची अर्थ वायर सीबीसीटीतूनच परत खाली आणायची. नाहीतर फॉल्टचा करंट आर्मरमधून परत येतो, जाणारा-येणारा एकमेकांना खातात आणि रिले आंधळा राहतो. असं बसवलेलं मी अनेक पॅनलांत पाहिलं आहे, टेस्ट रिपोर्टवर मात्र सगळं ‘ओके’.

सेटिंग बदलण्याआधी निम्म्या तरी लोडवर रिलेच्या डिस्प्लेवर रेसिड्युअल करंट (तीन सीटींची बेरीज) वाचा. शून्याजवळ हवा. एका फेजइतका दिसला तर एक सीटी शॉर्ट आहे किंवा वायर सुटली आहे. दुप्पट दिसला तर एका सीटीची पोलॅरिटी उलटी. 80 टक्क्यांच्या सेटिंगखाली असले दोष आरामात झाकले जातात. हे निघालं तर आधी ते दुरुस्त, मग सेटिंग. आणि नवे आकडे वीज कंपनीला लेखी कळवा, त्यांचे आकडेही लेखी मागा.

प्रश्न : शेतातल्या मोटरच्या बॉडीला शॉक बसतो, पण 100 अँपिअरचा फ्यूज जात नाही. अर्थिंग तर नवीन केलं आहे. (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 2 ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा 1 ओहम धरला, तर 230 व्होल्टला करंट येतो 77 अँपिअर. 100 चा फ्यूज त्याला ओळखतही नाही, आणि मोटरच्या बॉडीवर दीडशेच्या वर व्होल्ट उभे राहतात. मीठ-कोळसा घालून खड्डा सुधारेल, फ्यूज तरी जाणार नाही. स्टार्टरच्या आधी आरसीसीबी (करंट गळताच सप्लाय तोडणारा ब्रेकर) बसवा, 30 मिलिअँपिअरचा. जुन्या केबलवर तो सारखा पडत असेल तर तात्पुरता 100 मिलिअँपिअरचा लावा आणि केबल मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासून बदलून घ्या. तोवर मोटर चालू असताना हात लावू नका, ओल्या पायांनी तर नाहीच.