जेनेरिक बॅटरी: कॅमेऱ्याला धोका किती आणि गैरसोय किती

आपले प्रश्न तीन आहेत. ‘एलपी-ई६एनएच’ ही कॅननची मूळ बॅटरी फार महाग पडते म्हणून २६५० एमएएच (वीज साठवण्याच्या क्षमतेचे माप) असे लिहिलेल्या दोन जेनेरिक, म्हणजे इतर उत्पादकांनी बनवलेल्या, बॅटऱ्या घ्याव्यात का, त्यांच्यावर ७.२ ऐवजी ७.४ व्होल्ट छापलेले असल्याने कॅमेरा जळेल का, आणि वॉरंटीचे काय होईल. मी बरीच वर्षे दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या शेजारी-शेजारी वापरत आलो आहे, त्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो. जादा बॅटरी म्हणून जेनेरिक घ्यायला हरकत नाही, मात्र निदान एक मूळ बॅटरी जवळ असलीच पाहिजे; कारण जेनेरिक बॅटरीत वीज थोडी कमी असते हे चालवून घेता येते, पण ती स्वतःविषयी खरे सांगत नाही ही अडचण जास्त मोठी आहे.

व्होल्टेजची भीती मनातून काढून टाकावी. या बॅटरीत लिथियम-आयन सेल जोडलेले असतात आणि जोडणी अशी असते की दोन सेलचा व्होल्टेज एकत्र मिळतो. पूर्ण चार्ज झालेला असा सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे बॅटरी ८.४ व्होल्टची असते आणि वापरताना हा आकडा उतरत जातो. या उतरत्या आकड्याची सरासरी एक कंपनी ३.६ धरते, दुसरी ३.७ धरते, त्यातूनच ७.२ आणि ७.४ हे दोन आकडे येतात. तसेच, जास्त एमएएचची बॅटरी कॅमेऱ्यात जास्त प्रवाह ‘ढकलते’ हाही गैरसमज आहे. कॅमेरा त्याला हवा तेवढाच प्रवाह घेतो.

आता त्या २६५० या आकड्याकडे पाहू. ‘एलपी-ई६’ ही बॅटरी २००८ मध्ये ‘५डी मार्क २’ या कॅमेऱ्याबरोबर आली तेव्हा तिची क्षमता १८०० एमएएच होती. २०१४ मध्ये आलेल्या ‘एलपी-ई६एन’ची क्षमता १८६५ झाली आणि २०२० मध्ये ‘आर५’ कॅमेऱ्याबरोबर आलेल्या ‘एलपी-ई६एनएच’ची २१३० झाली. तिन्हींचा आकार एकच. म्हणजे ज्या कंपनीने हा डबा घडवला तिला त्याच डब्यात ३३० एमएएचची भर घालायला बारा वर्षे लागली. असे असताना अनोळखी उत्पादक त्याच मापाच्या डब्यात आणखी ५२० एमएएच बसवल्याचे सांगतो आणि किंमतही कितीतरी कमी लावतो, तर ती क्षमता बॅटरीत नसून स्टिकरवर आहे असेच मी समजतो. माझा अनुभव असा की, ज्या जेनेरिक बॅटरीवर मूळ बॅटरीइतकी किंवा तिच्यापेक्षा थोडी कमी क्षमता लिहिलेली असते ती बहुधा बरी निघते. बॅटरी हातात घेऊन पाहता येत असेल तर स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर मूळ बॅटरीशी तुलना करावी. ठळकपणे हलकी असेल तर आतले सेल लहान आहेत हे उघड आहे.

खरी गोम मात्र चिपमध्ये आहे. मूळ बॅटरीच्या आतली चिप कॅमेऱ्याशी संवाद साधते. किती टक्के चार्ज उरला आहे, या चार्जवर किती फोटो निघाले, बॅटरीची पुन्हा चार्ज होण्याची ताकद कितपत शिल्लक आहे, हे सर्व कॅमेऱ्याला तिच्याकडूनच कळते. जेनेरिक बॅटरीत ही चिप नसते किंवा असली तर मूळ चिपची नक्कल असते. चिप नसेल तर कॅमेरा बॅटरीशी संपर्क होत नसल्याची सूचना दाखवतो आणि तरीही वापरायची का असे विचारतो. होकार दिला की बहुतेक वेळा काम सुरू होते, पण त्यानंतर त्याला केवळ व्होल्टेजवरून अंदाज बांधावा लागतो. लिथियम-आयन सेलचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो आणि शेवटी एकदम घसरतो, त्यामुळे हा अंदाज नेमका गरजेच्या वेळी चुकतो. आपण पक्ष्यांचे फोटो काढता असे लिहिले आहे, म्हणून सांगतो: पडद्यावर अर्धी बॅटरी दिसत असते, पक्षी पंख उघडतो, आपण सलग फोटो घेऊ लागता आणि कॅमेरा बंद पडतो. सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला सेलच्या आतच होणारा अडथळा, जास्त असेल तर हे आणखी लवकर घडते, कारण सलग फोटो, व्हिडिओ आणि स्थिरीकरण (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) यांना एकाच वेळी जास्त प्रवाह लागतो व त्या क्षणी व्होल्टेज खाली दबतो. थंडीत तर हमखास. गंमत म्हणजे तीच बॅटरी थोडा वेळ काढून ठेवली की पुन्हा दहा-वीस फोटो देते, आणि आपल्याला वाटते की दोष कॅमेऱ्याचा आहे.

नकलेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आज चालणारी जेनेरिक बॅटरी उद्याच्या फर्मवेअरनंतर (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीनंतर) चालेलच असे नाही. पॅनासॉनिकने २००९ मध्ये काही लुमिक्स कॅमेऱ्यांसाठी असे फर्मवेअर आणले होते की त्यानंतर ते कॅमेरे इतर उत्पादकांच्या बॅटऱ्या ओळखून नाकारू लागले. सुरक्षिततेचे कारण देण्यात आले होते. ग्राहक नाराज झाले, हे वेगळे सांगायला नकोच. उलट बाजूही आहे: मूळ बॅटऱ्यांच्या पिढ्यांमध्येही भेद असतो. जुनी ‘एलपी-ई६’ नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत चालते, पण यूएसबीने कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात चार्ज होत नाही. आणि २०२४ मध्ये आलेल्या ‘आर५ मार्क २’ला सर्व सुविधांसाठी ‘एलपी-ई६पी’ लागते. त्यामुळे जेनेरिक बॅटरीने कोणत्या पिढीची नक्कल केली आहे, हे घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

धोका म्हणाल तर तो कॅमेरा वापरताना कमी आणि चार्जिंगच्या वेळी जास्त असतो. सेल ४.२ व्होल्टच्या पुढे ताणला गेला तर तो तापतो, आत वायू तयार होतो आणि टोकाच्या प्रसंगी आगही लागू शकते. हे रोखण्यासाठी बॅटरीत संरक्षक सर्किट आणि तापमान मोजणारा थर्मिस्टर असावा लागतो. दोन सेल सारख्या ताकदीचे नसतील तर एकूण बेरीज ८.४ दिसत असतानाही एक सेल मर्यादेच्या खाली आणि दुसरा मर्यादेच्या वर असू शकतो, म्हणून सर्किटने प्रत्येक सेलवर स्वतंत्र लक्ष ठेवणे आवश्यक असते. खर्च वाचवायचा झाला की कात्री इथेच लागते, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. म्हणून जेनेरिक बॅटरी मूळ चार्जरवर चार्ज करावी, त्या चार्जरने ती नाकारली तर बॅटरी परत करावी, आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये. बॅटरीबरोबर ‘मोफत’ मिळणारा दोन खाचांचा चार्जर मी वापरत नाही.

माझ्या जुन्या कॅमेऱ्यात एकदा जेनेरिक बॅटरी फुगून अडकली होती. काही आठवडे ती आत-बाहेर करताना किंचित घट्ट लागत होती, मी दुर्लक्ष केले, आणि एके दिवशी झाकण उघडले तरी ती बाहेर येईना. दुरुस्ती केंद्रात बॅटरीचा कप्पा उघडून ती काढावी लागली. अशा वेळी चिमट्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याचा मोह आवरावा, कारण सेलला भोक पडले तर प्रसंग गंभीर होतो. नवी बॅटरी रिकामी असताना आणि पूर्ण चार्ज झाल्यावर, अशी दोनदा आत घालून काढून पाहावी. ती आपल्या वजनाने सहज घसरून बाहेर आली पाहिजे. सपाट काचेवर ठेवल्यावर डोलणारी बॅटरी पुन्हा वापरू नये.

वॉरंटीविषयी थोडक्यात: केवळ जेनेरिक बॅटरी वापरली म्हणून सगळी वॉरंटी रद्द होते असे नव्हे, कॅननच्या माहितीपुस्तिकेत असे असते की मूळ नसलेल्या वस्तूच्या बिघाडामुळे झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही आणि ती दुरुस्ती पैसे भरून करून घ्यावी लागते. जेनेरिक आणि बनावट यांतही गल्लत करू नये. जेनेरिक बॅटरी स्वतःच्या नावाने विकली जाते; कॅननचे नाव छापून विकलेली बनावट बॅटरी पहिल्या शब्दापासूनच खोटे बोलते, आणि फार स्वस्तात मिळणारी ‘मूळ’ बॅटरी बहुधा त्याच जातीची असते.

बॅटरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी तिची चाचणी घ्यावी. मूळ बॅटरी पूर्ण चार्ज करून एकाच रिझोल्यूशनवर, पडद्याची प्रखरता तीच ठेवून, कॅमेरा बंद पडेपर्यंत व्हिडिओ चित्रित करावा आणि वेळ लिहून ठेवावा. मग नव्या बॅटरीवर त्याच खोलीत तेच करावे. पहिली एक-दोन चार्जिंगे सोडून तिसऱ्या वेळचा आकडा धरावा. मूळ बॅटरीच्या तुलनेत ऐंशी टक्के वेळ मिळाला तर मी ती ठेवतो. त्यापेक्षा बराच कमी मिळाला तर परत पाठवतो, मग स्टिकरवर काहीही लिहिलेले असो. दोन्ही बॅटऱ्यांवर खरेदीचा महिना लिहून ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी हीच चाचणी करावी, कारण पहिल्या महिन्यात उत्तम वाटणारी जेनेरिक बॅटरी वर्षभरात निम्म्यावर आल्याचे मी पाहिले आहे.

आपल्या बाबतीत मी दोनऐवजी एकच जेनेरिक घेईन आणि उरलेल्या पैशांत थोडी भर घालून पुढे एक मूळ बॅटरी घेईन. पहाटे, पक्ष्यांच्या ऐन वेळी, मूळ बॅटरी कॅमेऱ्यात असावी. दुपारी निवांत काम चालू असताना जेनेरिक लावावी. ग्रिपमध्ये (कॅमेऱ्याच्या तळाला जोडायच्या, दोन बॅटऱ्या मावणाऱ्या भागात) दोन बॅटऱ्या घालत असाल तर एक मूळ आणि एक जेनेरिक अशी जोडी लावू नये. विमानप्रवासात जादा बॅटऱ्या केबिनमधल्या सामानात, टोके झाकून ठेवाव्यात. आणि फर्मवेअर बदलताना मात्र पूर्ण चार्ज केलेली मूळ बॅटरीच घालावी, कारण मध्येच वीज गेली तर कॅमेरा पुन्हा सुरूच न होण्याची शक्यता असते.